घराची किंमत अंतरासकट मोजा

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीहून एक पत्र आलं. चार पानी, वहीच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. लिहिणाऱ्या ताईंचं वय साठीच्या पुढचं. मुलगा नागपुरात सीताबर्डीजवळच्या एका कचेरीत नोकरीला, सून महालातल्या एका शाळेत शिकवते, नात तीन वर्षांची. सध्या ही तिघं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतात. आता त्यांनी भंडारा रस्त्यावर, पारडी आणि कापसीच्याही पुढे, एक ब्लॉक बघून ठेवला आहे. मोठा आहे, हवेशीर आहे, गॅलरी आहे, शहरातल्या घरापेक्षा बराच स्वस्तही आहे. सीताबर्डीपासून साधारण अठरा किलोमीटर. बांधणारा सांगतो, "मेट्रो येणारच आहे." तोपर्यंत एक मोटार घ्यावी लागेल, असं मुलाचं म्हणणं. घराचा पहिला हप्ता आणि मोटार, दोन्हींसाठी हाताशी पैसा हवा.

पत्राच्या शेवटी ताई लिहितात, "पोरगा म्हणते, आई, तळ्याखालची एक बांधी विकून टाक. एवढ्याशा धानानं काय होते? मी काय करू ते तुम्हीच सांगा."

प्रश्न जमिनीचा वाटतो, पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की त्याची गाठ त्या अठरा किलोमीटरांत आहे. म्हणून यावेळी लोणची-पापड, डाग काढणं बाजूला ठेवून आपण अंतराचा हिशेब करू. ही अडचण सानगडीच्या एकट्या ताईंची नाही. ज्या ज्या घरातली मुलं नागपूर, पुणे, नाशिक, ठाण्याला आहेत, त्या प्रत्येक घरात हा प्रश्न आज नाही तर उद्या येणारच.

चार आण्याची कोंबडी

घर बघायला गेलं की आपण काय विचारतो? फूट किती, भाव किती, पाणी किती तास, ओटा कोणत्या दगडाचा. आणि इथून रोज जायचं कुठे कुठे, त्याला किती पैसे आणि किती तास लागतील, हे मात्र कागदावर मांडून कोणी बघत नाही. दूरचं घर स्वस्त असतं ते उगीच नव्हे. किमतीतला उरलेला भाग आपण रोज रस्त्यावर, सुट्ट्या पैशांत भरत असतो.

आपण मांडून बघू. आकडे मी समजुतीसाठी धरते आहे, तुमचे तुम्ही घाला. समजा, लांबचं घर ३० लाखांचं आणि शहरात मेट्रो किंवा बसच्या जवळचं, थोडं लहान आणि जुनं घर ४२ लाखांचं. दोन्हीकडे हातचे ९ लाख भरायचे. म्हणजे एकीकडे २१ लाखांचं कर्ज, दुसरीकडे ३३ लाखांचं. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर लाखाला महिना साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. लांबच्या घराचा हप्ता सुमारे १८,२०० आणि जवळच्याचा सुमारे २८,६००. फरक दहा हजारांच्या थोडा वर. बघताक्षणी कोणीही म्हणेल, लांबचंच घ्या.

आता मोटार आणा. ७ लाखांचं कर्ज, ७ वर्षं, ९ टक्के व्याज. हप्ता साधारण ११,२५० रुपये. रोज जाऊन-येऊन ३६ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ९०० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ६० लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरा, झाले ६,३००. विमा, दुरुस्ती, टायर, गाडी उभी करण्याचे पैसे मिळून महिन्याला अडीच हजार. बेरीज वीस हजारांच्या घरात गेली. लांबच्या घराचा खरा खर्च १८,२०० नव्हे, ३८,००० च्या वर. जवळच्या घरात मेट्रो, बस, अधूनमधून रिक्षा आणि घरची एक स्कूटर यांना महिना ४,००० धरले तरी ३२,६०० होतात. महिन्याला साडेपाच हजार वाचले! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

आता कोणी हिशेबी मैत्रीण म्हणेल, गाडीचा हप्ता सात वर्षांनी संपतो, घराचा वीस वर्षं चालतो. बरोबर आहे. पण सात वर्षांनी ती गाडीही सात वर्षांची जुनी झालेली असते, आणि लांब राहणाऱ्याला गाडीवाचून चालत नाही म्हणून दुसरी घ्यावी लागते. शिवाय घरात घातलेला पैसा घरात राहतो. गाडीत घातलेला पैसा गाडी दुकानाबाहेर काढल्या दिवसापासून कमी व्हायला लागतो.

तासांचा हिशेब

पैसे एकवेळ मिळवता येतील, वेळेचं काय? पारडीच्या बाजूची ट्रकची गर्दी ज्यांनी बघितली आहे त्यांना सांगायला नको. जायला एक तास, यायला एक तास धरा. महिन्याला ५० तास, वर्षाला ६००. म्हणजे वर्षातले अख्खे २५ दिवस आणि २५ रात्री रस्त्यावर. हे तास कुठून येतात? नवऱ्याच्या वाट्याचे पेपर वाचण्यातून येत असतील. बाईच्या वाट्याचे मात्र झोपेतून येतात. पाचऐवजी चारला उठायचं, डबे करायचे आणि मूल झोपेतच पाळणाघरात टेकवायचं.

आणि बाईचा प्रवास पुरुषासारखा सरळ नसतो, हे आपण सगळ्या जाणतो. त्याचा घर ते कचेरी आणि कचेरी ते घर. तिचा घर ते पाळणाघर, तिथून शाळा, येताना भाजी, मग सासऱ्यांची औषधं, मग गिरणीतलं दळण, मग पाळणाघर आणि मग घर. मोत्यांच्या माळेसारखा एकात एक ओवलेला. घर लांब गेलं की माळेतला प्रत्येक मणी लांब जातो. घरात मोटार एकच असते आणि ती सकाळी बहुतेक त्याच्याबरोबर गेलेली असते.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेनं १९९०च्या दशकात हीच गोष्ट मनावर घेतली. माणसं कशी ये-जा करतात याची पाहणी झाली, तेव्हा दिसलं की पुरुष बरेचसे घर ते कामाच्या जागी असे ये-जा करतात, आणि बायका मुलांना घेऊन, पिशव्या घेऊन, बऱ्याचदा पायी आणि ट्रामनं, दिवसात कितीतरी ठिकाणी जातात. रस्ते मात्र पहिल्या प्रकारच्या प्रवासासाठी बांधलेले! मग तिथल्या मारियाहिल्फ नावाच्या भागात पदपथ रुंद केले, दिवे वाढवले, बाबागाडी चढेल असे उतार केले, रस्ता ओलांडणं सोपं केलं. फ्लोरिड्सडॉर्फ भागात तर चार स्त्री-वास्तुविशारदांनी आखलेली साडेतीनशेच्या आसपास घरांची वसाहत १९९७ साली पुरी झाली. तिच्यात बालवाडी आहे, डॉक्टर आहे, जिन्याजवळ बाबागाडी ठेवायला जागा आहे, मुलं खेळतात ते अंगण स्वयंपाकघरातून दिसतं. यात डोळे दिपवणारं काही नाही. घर चालवणाऱ्या बाईला विचारून घरं बांधली, एवढंच.

नेदरलँड्सचं उदाहरण तर आयांचंच. तिथे आज सायकली दिसतात म्हणून आपण म्हणतो, त्या लोकांना आवडच आहे. तसं नाही. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली. त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आया रस्त्यावर आल्या, 'मुलांची हत्या थांबवा' म्हणत त्यांनी चौक अडवले. पुढे १९७३ साली तेलाची टंचाई आली, काही रविवार मोटारी बंद राहिल्या, आणि हळूहळू सरकारनं सायकलींचे वेगळे रस्ते बांधायला घेतले. पन्नास वर्षांपूर्वी ती शहरंही मोटारींनी भरली होती. माणसांनी ठरवलं आणि ती बदलली.

'येणार आहे' आणि 'आली आहे'

आता बांधणाऱ्याच्या त्या वाक्याकडे येऊ, "मेट्रो येणारच आहे."

नागपूरची मेट्रो ही खरोखर चांगली सोय आहे. तिचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पुरा झाला. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर असे दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. दुसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्येच मंजुरी दिली आहे. त्यात प्रजापतीनगरहून भंडारा रस्त्यानं कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरापर्यंत मार्ग आहे. तेव्हा बांधणारा खोटं बोलत नाही. पण कापसीपर्यंत म्हणजे कापसीपर्यंत. ताईंच्या मुलाचं घर त्याच्या पुढे आहे. स्टेशनपासून घरापर्यंतचे उरलेले किलोमीटर कोण नेणार, हा प्रश्न तसाच राहतो.

या 'येणार आहे'वर विसंबणाऱ्यांनी नवी मुंबईची गोष्ट ऐकावी. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं की मुंबई उत्तरेला लांबच लांब वाढवण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, तिथंच घरं आणि तिथंच कामं, म्हणजे रोजच्या जिवघेण्या गर्दीत जावं लागणार नाही. त्या तिघांत एक बाई होती, हे मुद्दाम सांगते. १९७० साली सिडको स्थापन झाली. घरं उभी राहिली, माणसं राहायला गेली. पण पुष्कळांच्या नोकऱ्या मुंबईतच राहिल्या, आणि मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती मे १९९२ मध्ये! बावीस वर्षं! त्या वर्षांत जी बाई तिथे नवी सून म्हणून राहायला गेली तिची मुलं कॉलेजात गेली, आणि तोवर ती खाडीच्या पुलावरून बसला लोंबकळतच होती. त्याच मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली ही फक्त बायकांची लोकल सुरू झाली. बाईच्या प्रवासाचा वेगळा विचार व्हायला लागला, पण किती उशिरा!

म्हणून नियम साधा ठेवा. आज जी गाडी धावते तिचाच हिशेब धरा. उद्या येईल ती आली तर आनंदच आहे.

पुण्याचीही एक गोष्ट आहे. पुणं हे सायकलींचं शहर होतं. नऊवारीतल्या बायका सायकलवर बघून बाहेरगावचे लोक थक्क व्हायचे. १९७२ साली लूना आली, पुढे स्कूटर आल्या, बायकांच्या हातात स्वतःचं वाहन आलं, ही फार मोठी सोय झाली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण शहर चहूबाजूंनी पसरत गेलं, अंतरं सायकलच्या बाहेर गेली, बसकडे मात्र तितकं लक्ष गेलं नाही. २००६च्या अखेरीला बससाठी वेगळा रस्ता राखण्याचा प्रयोग झाला, मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये आली. जे आधी करायचं ते शेवटी केलं. नागपूर आज त्याच वळणावर उभं आहे. तोंडाला ओढणी गुंडाळून भर उन्हात स्कूटर हाकणाऱ्या तिथल्या मुली बघा. एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या झळा. त्या उन्हात रोज छत्तीस किलोमीटर म्हणजे काय, हे ज्याला जायचं नाही त्यानं सांगू नये.

सानगडीकडे एकदा बघा

ताई, तुम्ही लिहिलंय, "आमच्या खेड्यात काय आहे?" मी सांगते काय आहे. गावठाणातून निघालं की शाळा पायी, दुकान पायी, देऊळ पायी, मैत्रिणीचं घर पायी. सहानगडाच्या किल्ल्याकडे जायचं तर तेही पायीच. बाहेर गेलं की तळं, आणि तळ्याखाली धानाच्या बांध्या. तुमच्या मुलखातले हे माजी मालगुजारी तलाव, तुम्ही ज्यांना मामा तलाव म्हणता ते, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी खणले असं सांगतात. १९५० साली मालगुजारी गेली तरी तळी राहिली. त्या लोकांनी गाव आखताना काय केलं? घरं एकाला एक लागून बांधली आणि पाण्याखालची जमीन पिकाला सोडली. घराखाली एक बांधी गेली तर एका घराचं वर्षाचं तांदूळ गेलं, हे त्यांना ठाऊक होतं. आज मोठमोठे शहरशास्त्रज्ञ जे सांगतात, की गाव दाट असावं, रोजच्या गोष्टी पंधरा मिनिटांत पायी मिळाव्यात, भोवतीचं शेत आणि पाणी मोकळं राहावं, ते तुमच्या पूर्वजांना पुस्तक न वाचता कळलं होतं.

पण सावध राहा. साकोलीकडे जाताना बघा, रस्त्याच्या कडेनं प्लॉटच्या पाट्या दिसतील. शहर जसं लांबट पसरतं तसंच खेडंही रस्त्याच्या कडेनं पसरतं. तिथं घर झालं की शाळेला, दवाखान्याला, बाजाराला जायला गाडी आली. ट्रकच्या रस्त्यावरून लेकरं शाळेत जायला लागली. तुमच्या हातात इथं काही आहे. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. नुसतं हळदी-कुंकवासारखं जमून उठू नका. विचारा, नवी घरं गावठाणाला लागून का नकोत? शाळेच्या वाटेवर दिवे कधी लागणार? बसथांब्याला छप्पर आणि बसायला पार कधी? शाळेच्या वेळी एसटी नसेल तर ती मागणारा ठराव का नाही? मुलीची शाळा बहुतेक वेळा पुस्तकाअभावी सुटत नाही, बसअभावी सुटते.

आजी एकटी जाईल का?

ताई, एक गोष्ट पत्रात तुम्ही लिहिली नाहीत, ती मी विचारते. तुम्ही नातीला बघायला कशा जाणार?

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तर पुरी झाली की तिकीटच नाही. तुम्ही सानगडीहून साकोलीला, तिथून भंडाऱ्यावरून नागपूरला, पिशवीत तांदूळ आणि वड्या घेऊन, कुणाला न विचारता निघू शकता. घर शहरात, मेट्रोच्या किंवा बसच्या जवळ असेल तर स्टँडवरून घरीही तुमच्या तुम्ही पोचाल. नातीला शाळेतून आणाल, चौकातल्या देवळात जाल, चार बायकांशी बोलाल. घर महामार्गाच्या कडेला, पदपथाविना असेल तर तुम्ही स्टँडवर बसून मुलाच्या सुट्टीची वाट बघाल. घरी पोचल्यावर आठव्या मजल्याच्या गॅलरीतून ट्रक मोजाल. मोठं घर, मोकळी खोली, आणि आजी त्यात अडकलेली. हवेशीर गॅलरीचं मला कौतुक आहे, पण नुसत्या हवेवर माणूस राहत नाही.

मोटार वाईट असं मी म्हणत नाही. रात्रीबेरात्री दुखणं आलं, बाळंतीण न्यायची झाली, लग्नाला चार गाठोडी घेऊन जायचं झालं, तर मोटारीसारखी सोय नाही. पण त्यासाठी महिन्यातून दोनदा भाड्यानं आणता येते. गाडी असणं वेगळं आणि गाडीवाचून दूधही न मिळणं वेगळं.

हेही खरं, की जुन्या वस्तीतलं घर म्हणजे सगळं सुख नव्हे. ओल असते, पाण्याची वेळ अडचणीची असते, खाली दुकानांचा गोंगाट असतो. आणि सगळ्यांनाच शहराच्या मध्यावर परवडत नाही. ज्यांची नोकरी मिहान किंवा बुटीबोरीला आहे त्यांनी तिकडेच घर बघावं, हेच शहाणपण. मुद्दा मध्यावर राहण्याचा नाही. रोजचं काम, शाळा आणि बाजार यांच्या जवळ राहण्याचा आहे.

हे टिपून ठेवा

घर ठरवण्यापूर्वी घरातल्या बाईनं स्वतः एवढं करावं:

१. रविवारी दुपारी घर बघू नये. सोमवारी सकाळी नऊला त्या घरापासून कचेरीपर्यंत आणि शाळेपर्यंत खरोखर जावं, संध्याकाळी सहाला परत यावं. घड्याळ बघून वहीत लिहावं.

२. घरापासून बस किंवा मेट्रोपर्यंत पिशवी आणि मूल घेऊन चालत जावं. दहा मिनिटांच्या वर लागली, पदपथ नसला, रात्री दिवे नसले, तर 'जवळ आहे' हे म्हणणं खोडून टाकावं.

३. शेवटची बस किती वाजता, हे बांधणाऱ्याला नव्हे, थांब्यावरच्या माणसाला विचारावं.

४. दूध, भाजी, औषध, दळण, डॉक्टर आणि बालवाडी, या सहांपैकी किती गोष्टी पायी मिळतात ते मोजावं. चारपेक्षा कमी असतील तर घरच्या खर्चात एक वाहन आपोआप धरावं.

५. घराचा हप्ता आणि प्रवासाचा खर्च एकाच पानावर, एकाखाली एक लिहावा, आणि बेरजेखालीच रेघ ओढावी.

६. शक्य असेल तर ज्या भागात घर घ्यायचं तिथं आधी वर्षभर भाड्यानं राहून बघावं. उन्हाळा, पावसाळा आणि एक शाळेचं वर्ष गेलं की खरं काय ते कळतं.

आता बांधीचं

ताई, "विकू नका" असं मी परस्पर सांगणार नाही. मुलाच्या घराला आईनं हात लावावा, यात वावगं काही नाही. पण मुलाला आणि सूनबाईंना समोर बसवून दोन पैसे वेगळे करायला सांगा. घराला किती आणि गाडीला किती. बांधी गेली ती परत येत नाही, तेव्हा गाडीसाठी ती विकायची नाही, एवढं ठाम धरा. आधी मी दिलेला हिशेब सुनेकडून करवून घ्या. शाळेत शिकवते, तिला तो चटकन जमेल. आणि तिला एकटीला विचारा, की तुझ्या रोजच्या दोन तासांचं काय? कदाचित तिला कुणी विचारलंच नसेल.

मग शहराजवळचं घर ठरलंच, आणि त्यासाठी बांधी द्यावी असं तुमच्या मनानंही घेतलं, तर दोन गोष्टी सोडू नका. सातबारा कुणाच्या नावे आहे ते बघा, आणि समजल्याशिवाय कुठेही सही किंवा अंगठा करू नका. दुसरं, घराच्या कागदावर तुमचं नाव मागा. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात राहतं घर फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ४२ लाखांच्या घरावर ते ४२,००० रुपये झाले. सासू आणि सून दोघींच्या नावावर घर, हे ऐकून मुलगा जरा चपापेल, पण वाचलेले पैसे बघून गप्प बसेल.

आणि नाहीच जमलं, तर यंदा थांबा. नात तीनच वर्षांची आहे. अजून एक रोवणी होऊ द्या, नव्या तांदळाचं चुंगडं एसटीत टाकून तुम्हीच नागपूरला जा, आणि आठ दिवस राहून त्यांचा सकाळी नऊचा रस्ता आपल्या डोळ्यांनी बघा. काय ठरलं ते मला जरूर कळवा.

बाकीच्या मैत्रिणींनीही लिहावं. तुमच्या घरातून कोण रोज किती लांब जातं, आणि त्यापायी घरातलं काय सुटतं? आलेली पत्रं वाचून या विषयाकडे आपण पुन्हा येऊ.